‘कीप पेस’ हा इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ, उपयोग व शिक्षकाचे कर्तव्य

इ. स. २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला. त्यामुळे जे वाक्प्रचार एके काळी माध्यमिक शाळेच्या शिक्षकापुरते होते, ते आता प्राथमिक शिक्षकाच्याही वाचनात व लेखनात वारंवार येतात. ‘कीप पेस विथ’ हा त्यांपैकीच एक होय. शब्द तीन, तेही लहान; प्रत्येकाचा अर्थ सातवीच्या मुलासही ठाऊक असावा असा. कोशात ‘बरोबरीने चालणे’ असा अर्थ दिलेला असतो, आणि शिक्षक तो फळ्यावर लिहून पुढच्या शब्दाकडे वळतो. हा अर्थ खोटा नाही. परंतु अपुरा आहे. बरोबरीने कोणी चालावयाचे, कोणाच्या चालीने चालावयाचे आणि जो मागे पडला त्याचे काय करावयाचे, या तिन्ही प्रश्नांविषयी तो मौन पाळतो.

हे प्रश्न केवळ भाषेचे असते तर त्यांसाठी या पुस्तिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण हाच वाक्प्रचार, मराठी वेष घेऊन, आपण आपल्या विद्यार्थ्यांविषयी नित्य वापरीत असतो. ‘अमुक मूल वर्गाबरोबर चालत नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी व प्रगतिपत्रकावर सहज येते. त्या एका वाक्यावरून पालक आपल्या मुलाविषयीचे मत ठरवितो. कित्येकदा मूलही आपल्याविषयीचे मत ठरविते. ज्या शब्दांचा परिणाम इतका दूरवर पोहोचतो, त्यांचा अर्थ नीट तपासून घेणे अवश्य आहे.

१. मूळ अर्थ पावलाचा

‘पेस’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘पासुस’ या शब्दापासून फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आला. ‘पासुस’ म्हणजे पाऊल. रोमन लोक अंतर पावलांनी मोजीत. एकच पाय पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंत जितके अंतर तुटते तितक्याला, म्हणजे आपल्या दोन पावलांना, ते एक ‘पासुस’ म्हणत. अशा एक हजार पावलांचे जे अंतर, त्यासाठी त्यांच्या भाषेत ‘हजार’ हा शब्द लाविला जाई. इंग्रजीतील ‘माईल’ म्हणजे आपला मैल हा त्याच हजारापासून निघाला. तेव्हा मैलाच्या दगडातही पाऊल दडलेले आहे, ही गोष्ट मुलांस सांगितली असता त्यांना मौज वाटेल व शब्दही लक्षात राहील.

पावलाचा अर्थ विस्तारत जाऊन ‘पेस’ म्हणजे पावले टाकण्याची रीत, आणि पुढे पावले टाकण्याचा वेग, असे अर्थ आले. मराठीत याला अगदी जवळचा शब्द ‘वेग’ नव्हे, तर ‘चाल’ होय. बैलाची चाल, घोड्याची चाल, माणसाची चाल असे आपण म्हणतो तेव्हा त्यात पावलांची ढब व वेग ही दोन्ही येतात. ‘कीप’ म्हणजे राखणे, सांभाळणे. म्हणून ‘कीप पेस’ म्हणजे ‘चाल राखणे’ आणि ‘विथ’ हा शब्द जोडला की ‘दुसऱ्याच्या चालीशी आपली चाल मिळती राखणे’, असा पूर्ण अर्थ होतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, ‘कीप’ या क्रियापदात सातत्य आहे. क्षणभर धावून दुसऱ्यास गाठले म्हणजे चाल राखली असे होत नाही. वाट सरेपर्यंत बरोबर राहावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, ‘विथ’ या शब्दानंतर ज्याचे नाव येते तो चाल ठरवितो आणि वाक्याचा कर्ता ती चाल राखतो. ‘द बॉय कीप्स पेस विथ हिज फादर’ या वाक्यात चाल बापाची आहे. कष्ट मुलाचे आहेत. बापाने एक पाऊल टाकावे तेथे मुलास दोन टाकावी लागतात. वाक्य मात्र त्या दुप्पट पावलांविषयी काहीच सांगत नाही. हा वाक्प्रचार शिकविताना याच गोष्टीकडे मुलांचे लक्ष वेधावे.

२. आपल्या भाषेतील जवळची व दूरची रूपे

भाषांतर करिताना मराठीतील कोणता शब्दप्रयोग कोठे चालेल हे प्रसंगावरून ठरते. ‘बरोबरीने चालणे’, ‘पावलाला पाऊल मिळविणे’, ‘मागे न पडणे’, ‘चाल राखणे’ हे प्रयोग बहुतेक ठिकाणी शोभतात. परंतु काही प्रयोग दिसावयास जवळचे आणि अर्थाने दूरचे आहेत. त्यांविषयी सावध असावे.

‘पावलावर पाऊल ठेवणे’ यात पावले असली तरी त्याचा अर्थ कोणाच्या आचरणाचे अनुकरण करणे असा आहे. ज्याचे अनुकरण करावयाचे तो पुढे निघून गेलेला असतो. कित्येकदा तो हयातही नसतो. ‘कीप पेस’ मध्ये दोघेही एकाच वेळी वाट चालत असतात. ‘खांद्याला खांदा लावणे’ यात सहकार्याचा अर्थ मुख्य आहे. एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन कारखाने एकमेकांच्या बरोबरीने वाढतात, परंतु ते खांद्याला खांदा लावतात असे म्हणता येणार नाही. ‘काळाची पावले ओळखणे’ यात पुढे काय घडणार हे आधी जाणण्याचा भाव आहे. ओळखूनही मनुष्य जागीच उभा राहू शकतो. ‘काळाबरोबर चालणे’ हा प्रयोग मात्र ‘कीप पेस विथ द टाइम्स’ याला बरोबर जुळतो.

ग्रामीण शाळेतील मुलांस हा अर्थ समजावून देण्यास शेतातील औतापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. जोडीतील एक बैल तडफेने चालणारा व दुसरा सुस्त असला म्हणजे जू तिरपे होते, तास वाकडे जाते आणि दोन्ही बैलांच्या मानेस त्रास होतो. नवा गोऱ्हा औताला धरावयाचा असला म्हणजे जाणता शेतकरी त्यास मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतो, आरंभी थोडाच वेळ चालवितो आणि त्या वेळात औतही सावकाश हाकतो. गोऱ्ह्याने चाल राखावी अशी त्याची अपेक्षा असतेच. पण ती चाल त्याच्या आवाक्यात राहावी याची काळजी तो स्वतः घेतो.

दुसरे उदाहरण वारीचे. दरवर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी या मार्गाने पुण्याकडे जाते. पवना नदीच्या अलीकडे सांगवी आणि पलीकडे दापोडी. त्यामुळे सांगवीच्या मुलांस हा सोहळा परका नाही. दिंडीत पुढे पताका, मध्ये टाळकरी, पखवाजी व वीणेकरी, आणि मागे तुळशी व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया असतात. तरुण व वृद्ध एकाच दिंडीत चालतात, आणि टाळांचा ठेका त्यांची पावले जुळवून ठेवितो. शिवाय वाटेत ठरलेले विसावे असतात. विसाव्याच्या ठिकाणी मागे राहिलेले येऊन मिळतात आणि दिंडी पुन्हा एक होते. शेकडो किलोमीटरांची वाट म्हातारी माणसे पार पाडतात ती केवळ पायांच्या बळावर नव्हे. ठेका आणि विसावा ही दोन्ही त्यांच्या मदतीस असतात.

३. उपयोगाचे चार प्रकार

पहिला प्रकार प्रत्यक्ष चालण्याचा किंवा धावण्याचा. ‘शी वॉक्स सो फास्ट दॅट आय कॅनॉट कीप पेस विथ हर’, म्हणजे ‘ती इतकी झपाझप चालते की मला तिच्या बरोबरीने चालता येत नाही.’ येथे अर्थ सरळ आहे व भाषांतरही सोपे आहे.

दुसरा प्रकार दोन वाढत्या गोष्टींच्या तुलनेचा. वृत्तपत्रांत व शासकीय अहवालांत हाच प्रकार अधिक आढळतो. वाढत्या किमतींच्या बरोबरीने पगार वाढला नाही; लोकसंख्येच्या मानाने धान्य पिकले नाही; अशा वाक्यांत माणसे चालत नाहीत, तर आकडे चालतात. या प्रकारासाठी सांगवीच्या परिसराइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. मुळा व पवना यांच्या संगमाजवळचे हे गाव एके काळी शेतीवर जगत होते. जवळच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. सांगवी आज त्याच महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख भरली. पुढे चाकण भागातही कारखाने उभे राहिले आणि खेड तालुक्यातील अनेक खेडी त्याच वाटेवर आली.

दहा वर्षांत दहाचे सतरा झाले असता पाणी, रस्ते, दवाखाने आणि शाळेच्या खोल्या याही त्याच प्रमाणात वाढावयास हव्यात. त्या तशा वाढल्या असे म्हणावयाचे तर ‘केप्ट पेस विथ द पॉप्युलेशन’ असे म्हणतात. न वाढल्यास ‘फेल्ड टु कीप पेस’ असे म्हणतात. सातवीच्या मुलांस हे दोन आकडे देऊन प्रश्न विचारावा : आपल्या शाळेत दहा वर्षांपूर्वी मुले किती होती व खोल्या किती होत्या? आज मुले किती व खोल्या किती? शाळेच्या दप्तरातून हे आकडे मुलांनीच काढावेत. इंग्रजीचा वाक्प्रचार, गणितातील गुणोत्तर व परिसराचा अभ्यास ही तिन्ही एका तासात साधतील.

तिसरा प्रकार ज्ञानाचा व काळाचा. नवे शोध, नव्या पद्धती, नवे नियम यांची माहिती ठेवीत राहणे यासही ‘कीप पेस’ म्हणतात. याच अर्थाने ‘कीप अब्रेस्ट ऑफ’ हाही वाक्प्रचार येतो. ‘ब्रेस्ट’ म्हणजे छाती. ‘अब्रेस्ट’ म्हणजे छातीच्या रेषेत, एका ओळीत. त्या प्रयोगात ‘ऑफ’ येतो आणि आपल्या प्रयोगात ‘विथ’ येतो, हा भेद सांगण्यास विसरू नये.

चौथा प्रकार शेजाऱ्याच्या बरोबरीचा. १९१३ साली अमेरिकेत पॉप मोमँड या चित्रकाराची एक विनोदी चित्रमाला वृत्तपत्रात सुरू झाली. तिच्यातील कुटुंब जोन्स नावाच्या शेजाऱ्यांची बरोबरी करण्यासाठी सारखी धडपड करीत असते. हे शेजारी मात्र चित्रात कधी दिसत नाहीत. त्या मालेचे नाव ‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’ असे होते आणि तेच पुढे वाक्प्रचार होऊन बसले. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेणे, त्याच्या घरचे लग्न थाटाचे झाले म्हणून आपण कर्ज काढणे, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे ‘ऋण काढून सण करणे’ व ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणी यासाठीच आहेत. जेथे जमिनीचे भाव एकाएकी चढले व कोणाच्या हाती पैसा आला, कोणाच्या आला नाही, अशा कारखानदारीच्या पट्ट्यात या वाक्प्रचाराचा अर्थ मुलांस उदाहरण न देताही समजतो. या प्रकारात चाल राखणे ही स्तुती नसून निंदा आहे, हे ध्यानात घ्यावे. यावरून असे दिसते की, बरोबरी राखणे ही गोष्ट स्वतः चांगली वा वाईट नसते. कोणाशी व कशासाठी राखावयाची यावर सर्व अवलंबून असते.

४. व्याकरणाची व शेजारच्या प्रयोगांची माहिती

‘कीप पेस’ मध्ये ‘पेस’ च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ येत नाही. ‘पेस’ चे अनेकवचनही होत नाही. भूतकाळी ‘केप्ट पेस’ असे रूप होते. ज्याच्याशी बरोबरी राखावयाची त्याच्या आधी ‘विथ’ च येतो. मराठीत आपण ‘काळाशी’ असा प्रत्यय लावतो म्हणून मुले कधी ‘टु’ लिहितात, ते टाळावे. हा प्रयोग नकारात्मक वाक्यांत फार येतो. ‘कॅनॉट’, ‘कुड नॉट’, ‘फेल्ड टु’ यांच्या सोबतीने तो पुष्कळदा भेटतो. तेव्हा नकारार्थी वाक्यांचाही सराव द्यावा.

‘सेट द पेस’ म्हणजे चाल ठरविणे, पुढे राहून इतरांस वेग लावून देणे. ‘अ‍ॅट अ स्नेल्स पेस’ म्हणजे गोगलगाईच्या चालीने, आपल्या भाषेत मुंगीच्या पावलांनी. ‘कीप अप विथ’ चा अर्थ ‘कीप पेस विथ’ सारखाच आहे. पहिला बोलण्यात अधिक येतो व दुसरा लेखनात अधिक शोभतो.

परंतु ‘कॅच अप विथ’ हा प्रयोग मात्र निराळा आहे, आणि हाच भेद या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भेद होय. ‘कीप अप’ म्हणजे बरोबर असलेल्याने बरोबर राहणे. ‘कॅच अप’ म्हणजे मागे राहिलेल्याने पुढच्यास जाऊन गाठणे. बरोबर राहण्यास पुढच्याइतकाच वेग पुरतो. गाठण्यास त्याच्याहून अधिक वेग लागतो. नाहीतर पुढच्याने थोडा वेळ थांबावे लागते. तिसरा मार्ग नाही. हे गणित पाचवीचे मूलही सोडवील. एक मनुष्य तासाला चार किलोमीटर चालतो. दुसरा त्याच्या मागे दोन किलोमीटर आहे व तोही तासाला चारच किलोमीटर चालतो. तो पहिल्यास केव्हा गाठील? कधीच नाही. दिवसभर चालला तरी अंतर दोन किलोमीटरच राहील. दोघांची चाल सारखी असूनही दुसरा मागेच राहील, आणि पाहणारा म्हणेल की हा आळशी आहे.

५. पाठ कसा घ्यावा

हा पाठ सहावी किंवा सातवीसाठी एका तासाचा आहे. प्रथम मुलांस मैदानावर न्यावे. उंच व ठेंगण्या मुलांच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीस शंभर पावले एकत्र चालावयास सांगावे. उंच मुलाची पावले शंभर झाली तेव्हा सोबत्याची किती झाली हे दोघांनी मोजावे. मग हाच खेळ ठेंगण्या मुलाच्या चालीने करावा. कवायतीत रांग सरळ राहावी म्हणून उंच मुलास आपले पाऊल आखूड करावे लागते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊकच आहे. मुलांसही ते या खेळाने कळेल.

वर्गात परत आल्यावर फळ्यावर वाक्प्रचार रोमन लिपीत लिहावा व अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा. ‘चाल कोणाची?’ आणि ‘कष्ट कोणाचे?’ हे दोन प्रश्न प्रत्येक वाक्याविषयी विचारावेत. त्यानंतर पुढील वाक्ये इंग्रजीत करावयास द्यावीत : ‘आजोबा माझ्या बरोबरीने चालू शकत नाहीत.’ ‘पावसाच्या मानाने विहिरीचे पाणी वाढले नाही.’ ‘परिचारिकेस नव्या औषधांची माहिती ठेवावी लागते.’ ‘मी महिनाभर आजारी होतो, आता मला वर्गास गाठावयाचे आहे.’ यांतील शेवटचे वाक्य ‘कॅच अप’ चे आहे. ज्या मुलास ते ओळखता आले त्यास पाठ समजला असे मानण्यास हरकत नाही.

६. वर्गातील पाऊल

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. ‘अमुक मूल वर्गाबरोबर चालत नाही’ असे आपण लिहितो तेव्हा आपण ‘कीप अप’ विषयी बोलत असतो. परंतु ज्या मुलाविषयी बोलतो त्यास बहुधा ‘कॅच अप’ ची गरज असते. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे मुलावर अन्याय होतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील शाळांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कारखान्यांत व इमारतींच्या बांधकामांवर काम करण्यास मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा अनेक ठिकाणांहून कुटुंबे येतात. ती जून महिना पाहून येत नाहीत. काम लागेल तेव्हा येतात आणि काम संपेल तेव्हा जातात. त्यांचे मूल दिवाळीनंतर वर्गात येऊन बसते. मध्यंतरी दोन शाळा बदललेल्या असतात. कित्येकदा घरची भाषा निराळी असते. वर्ग तेव्हा पुस्तकाच्या मध्यावर असतो. त्या दिवसापासून ते मूल इतरांइतकेच शिकू लागले तरी त्याचे दोन किलोमीटर मागेच राहतील. त्याच्या बुद्धीत उणेपणा नसतो. त्याच्या वाटेत खंड पडलेला असतो. डोंगराळ भागातील जी मुले पावसाळ्यात ओढ्यास पूर आल्यामुळे शाळेस मुकतात आणि ज्या मुलींना घरी धाकट्या भावंडास सांभाळावे लागते, त्यांचीही स्थिती हीच असते.

कायद्याने हा भेद ओळखला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे जे मूल शाळेत आलेच नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच सुटले, त्यास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो, आणि इतरांच्या बरोबरीस येता यावे म्हणून विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्यास हक्क असतो. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तेथे त्यास अधिक शिकविणे हे त्याच्याच शेजारचे दुसरे कर्तव्य आहे. पहिले कर्तव्य अभ्यासक्रमाशी चाल राखण्याचे. दुसरे मुलाशी चाल राखण्याचे. दोन्ही एकाच कलमात आहेत. एक करिताना दुसरे सुटले तर कर्तव्य अर्धेच झाले, असा याचा अर्थ होतो.

ही दोन्ही कर्तव्ये एका माणसाने कशी पार पाडावीत, असा प्रश्न शिक्षकबंधू व भगिनी विचारतील. आणि जेथे एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो तेथे तो रास्तही आहे. यास एकच उत्तर नाही. परंतु वर सांगितलेल्या दोन उदाहरणांतून काही मार्ग सुचतात. वारीत विसावे असतात, तसे अभ्यासक्रमातही विसावे ठेवता येतात. महिन्यातून दोन-तीन दिवस नवा पाठ न घेता जुन्याचीच उजळणी करावी; जे पुढे आहेत त्यांनी त्या दिवसांत वाचन करावे, चित्रे काढावीत, सोबत्यांस शिकवावे; जे मागे आहेत त्यांनी येऊन मिळावे. शेतकरी गोऱ्ह्यास मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतो, तसे नव्याने आलेल्या मुलास समजूतदार सोबत्याच्या शेजारी बसवावे. मूल येताच पहिल्या आठवड्यात त्यास काय येते याची नोंद करावी. काय येत नाही एवढीच नोंद पुरेशी नव्हे. करोना साथीमुळे मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या, तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ साली पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम तयार केला होता. त्या वेळी सर्वच मुले मागे पडली होती. म्हणून सर्वांसाठी थांबणे आपणास स्वाभाविक वाटले. एकटे मूल मागे पडते तेव्हाही त्यास सेतू लागतोच, एवढे ध्यानात ठेविले म्हणजे झाले.

भाषेच्या बाबतीतही एक सुधारणा आपण आजच करू शकतो. प्रगतिपत्रकावर ‘वर्गाबरोबर चालत नाही’ असे मोघम लिहू नये. ‘नोव्हेंबरात दाखल झाला, जोडाक्षरे वाचता येत नाहीत, बेरीज उत्तम येते, जोडाक्षरांसाठी रोज पंधरा मिनिटे देत आहे’ असे लिहावे. पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्या वाक्याने अंतर किती आहे ते कळते, आणि ते तोडण्याचे काम कोणी हाती घेतले आहे तेही कळते. पुढील वर्षी ते मूल ज्या शाळेत जाईल तेथील शिक्षकासही त्याचा उपयोग होईल. अशा मुलांची वाट लांब असते आणि तिच्यावर शिक्षक पुष्कळ बदलतात. म्हणून एकाने दुसऱ्यास नेमका निरोप देणे हे फार मोठे साहाय्य होय.

तेव्हा ‘कीप पेस’ चा अर्थ फळ्यावर लिहिताना त्यापुढे ‘बरोबरीने चालणे’ असे अवश्य लिहावे. त्याखाली मुलांच्या वहीसाठी दोन प्रश्न लिहावेत : चाल कोणाची? कष्ट कोणाचे? आणि तिसरा प्रश्न शिक्षकाने आपल्या टाचण वहीत आठवड्यातून एकदा लिहावा : या आठवड्यात माझ्या वर्गातील कोणते मूल बरोबर राहिले, कोणते गाठण्याचा प्रयत्न करीत आहे, आणि त्याच्यासाठी मी कोठे थांबलो?